सुट्टीचं कारण : वडिलांचे डोळे

सुट्टीच्या अर्जात 'कारण' असा एक रकाना असतो. तिथे मी लिहिलं, वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन. लिहिलं इंग्रजीत, पण इंग्रजीत लिहिलं म्हणून खोटं काही कमी खोटं होत नाही. त्या वेळी बाबा नाशिकला आपल्या घरी होते, माझ्या समजुतीप्रमाणे ठणठणीत. आणि आम्ही तिघं, म्हणजे मी, माझा नवरा आणि आमची दहा वर्षांची लेक, पृथ्वीच्या पार डोक्यावर, जिथे हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही अशा जंगलात कुत्र्यांच्या गाडीत बसायला निघालो होतो.

आधी माझी नोकरी सांगते, म्हणजे नालायकपणा नीट कळेल. वर्ल्डकपला तेव्हा चार वर्षं होती आणि अख्खं दोहा खणून ठेवलेलं होतं. आज ज्या रस्त्याने ऑफिसला गेलो तो उद्या जागेवर असेल याची खात्री नव्हती. आमचं साइट ऑफिस अल रय्यानला, पत्र्याच्या केबिनमध्ये. एका स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्याखाली पावसाच्या पाण्याची पाइपलाइन टाकायचं काम आमच्याकडे होतं. ज्या देशात वर्षातून चार दिवस पाऊस पडतो, त्या देशात. मी तिथे प्लॅनिंगला होते. कुठलं काम कधी सुरू होणार, कधी खलास होणार, कुणावाचून काय अडणार, याचे तक्ते करायचे. बाबांना हे मी दहा वेळा समजावलं असेल. तरी ते सोसायटीत सगळ्यांना सांगायचे, "आमची मुलगी वर्ल्डकपचं स्टेडियम बांधते."

"बाबा, गटार बांधते मी," असं मी म्हणायचे.

"गटाराशिवाय स्टेडियम उभं राहतं का?" असं ते म्हणायचे. ते स्वतः पाटबंधारे खात्यात आरेखक होते. पस्तीस-छत्तीस वर्षं ट्रेसिंग पेपरवर कालवे आणि मोऱ्या काढलेला माणूस. गटाराला कुणी कमी लेखलेलं त्यांना चालायचं नाही.

त्या डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे सुट्ट्या बंद होत्या, आणि त्या बंद होत्या माझ्याच तक्त्यामुळे. कतारमध्ये थंडीचे दिवस म्हणजे कामाचे दिवस, उन्हाळ्यात दुपारी माणसांना उघड्यावर काम करूच देत नाहीत. तेव्हा मीच लाल रेघा मारून दाखवलं होतं की हे दोन महिने माणसं हलली तर रस्ता मार्चमध्ये मोकळा होत नाही. साहेब जॉर्डनचे. त्यांनी माझ्या तक्त्यावर बोट ठेवून सगळ्यांना सांगितलं, कुणालाही सुट्टी नाही. आणि दोन आठवड्यांनी मीच अर्ज घेऊन त्यांच्यासमोर उभी.

ही बर्फाची टूम नवऱ्याची. तो गॅस कंपनीत आहे, त्याला सुट्टीला तोटा नाही. लेक जन्मली दोह्यात. तिच्या लेखी थंडी म्हणजे एसी बंद ठेवायचे दिवस. अल सद्दच्या आमच्या बिल्डिंगमधली निम्मी पोरं कुठून कुठून बर्फ बघून आली होती आणि लिफ्टमध्ये तेच बोलायची. नवऱ्याने मला न विचारता लॅपलंडमधली एक फॅमिली हॉलिडे बुक करून टाकली. पाच रात्री, लाकडी केबिन, कुत्र्यांची गाडी, गोठलेल्या तळ्यावर मासेमारी, सगळं त्यात. मी दोन दिवस भांडले. तिसऱ्या दिवशी थर्मल कपडे शोधत मॉलमध्ये फिरणारी मीच होते. नवऱ्याच्या डोक्यावर सगळं फोडून मोकळं व्हायला मला आवडलं असतं, पण मलाही जायचं होतं. चांगलं जायचं होतं.

आणि तिकडे बाबा. दर शुक्रवारी, म्हणजे कतारच्या रविवारी, सकाळी आमचा फोन असायचा. दिवाळी झाली आणि त्यांनी एकच धोशा लावला, "एकदा तिला घेऊन ये. बघायचंय तिला."

दोन वर्षं नाशिकला जाणं झालं नव्हतं. एका उन्हाळ्यात नवऱ्याने नोकरी बदलली, दुसऱ्या उन्हाळ्यात मी नवीन लागले. त्यामुळे त्यांचं म्हणणं वाजवी होतं. पण आपल्याकडे 'बघायचंय' कोण म्हणत नाही? सगळे आजी-आजोबा म्हणतात. त्यात भेटायचंय, जवळ घ्यायचंय, हाताने भरवायचंय, सगळं आलं. मी तो शब्द तसाच ऐकला आणि सोडून दिला. बाबांना मात्र खरंच बघायचं होतं, डोळ्यांनी. त्यांची नजर जात होती, आणि ती जायच्या आत त्यांना नातीचा चेहरा एकदा नीट बघून घ्यायचा होता. हे मला जानेवारीत कळलं. तेव्हा कळून उपयोग नव्हता.

कळायला जागा होती, तेही सांगते. व्हिडिओ कॉल लागला की बाबा फोन इतका तोंडाजवळ धरायचे की आम्हाला नुसतं कपाळ दिसायचं. आम्ही हसायचो. "बाबा, कपाळमोक्ष करू नका, जरा लांब धरा," असं मीच चिडवायचे. आई एकदा म्हणाली होती, "हल्ली पेपर वाचताना फार चिडचिड करतात. नंबर वाढलाय बहुतेक." मी म्हटलं, "दाखवून घ्या." एवढं बोलून मी कर्तव्य केलं आणि पुढे भाज्यांच्या भावावर आले.

अर्ज लिहायला बसले तेव्हा कारण काय द्यावं हे सुचेना. हार्ट लिहावं तर जीभ चावावीशी वाटली. वास्तू तथास्तु म्हणत असते, हे लहानपणापासून ऐकलेलं. अभद्र काही नको, हलकंसं काहीतरी हवं. आणि मग डोळे सुचले. मोतीबिंदू काय, सगळ्यांच्याच वडिलांना होतो, अर्ध्या तासाचं काम. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. ते काही आभाळातून पडलं नव्हतं, आईचं ते पेपरचं वाक्य कानात कुठेतरी होतंच. म्हणजे आई सांगत होती तेव्हा मी ऐकलं नाही, आणि खोटं बोलायची वेळ आली तेव्हा मला ते बरोबर आठवलं. याला काय म्हणावं?

साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला. "वडील आधी, वर्ल्डकप नंतर," असं म्हणून त्यांनी सही केली. वर, इन्शाल्ला सगळं ठीक होईल, असंही म्हणाले. एखादा खडूस साहेब असता तर बरं झालं असतं.

आणि चाचा. आम्हाला साइटवर नेणारे ड्रायव्हर, परभणीकडचे, माझ्या बाबांहून आठ-दहा वर्षांनी लहान. राहायला बिरकत अल अवामेरला, कामगारांच्या वस्तीत, एका खोलीत सहा जण. त्यांना डिसेंबरात घरी जायचं होतं. दोन वर्षं झाली होती त्यांना, आणि त्यांची सुट्टी माझ्या लाल रेघेत अडकली होती. मी निघायच्या दोन दिवस आधी त्यांनी गाडीत एक छोटी बाटली माझ्या हातात दिली. झमझमचं पाणी, कुणीतरी मक्केहून आणलेलं.

"ताई, बापाच्या डोळ्याचं काम हाय, हयगय करू नका," ते म्हणाले. "दोन थेंब पापणीवर लावा. लई गुणाचं पाणी हाय."

"शुक्रन चाचा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? घरी येऊन ती बाटली फ्रिजच्या दारात ठेवली आणि तिच्याकडे बघायचं टाळायला दोन दिवस दूधसुद्धा नवऱ्यालाच काढायला लावलं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही.

बाबांना काय सांगितलं? सुट्टी बंद आहे, असं सांगितलं. बघा कशी गंमत, ते खरं होतं. सुट्टी बंद होतीच. ऑफिसात बाबांचं खोटं कारण आणि बाबांना ऑफिसचं खरं कारण, आणि मधून आम्ही तिघं सटकलो.

"जानेवारीच्या आत नाहीच का जमणार?" त्यांनी विचारलं होतं.

"नाही हो बाबा. वर्ल्डकपचं काम आहे, हलू देत नाहीत."

"असू दे, असू दे," ते म्हणाले. "जगाचं काम आहे. आपल्या घरचं काय, कधीही होईल."

लेकीला बजावून ठेवलं की आजोबांना यातलं काही बोलायचं नाही. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. "सो वी आर लायिंग टू आजोबा?" तिने विचारलं. मी म्हटलं, लायिंग नाही, सरप्राइज आहे. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी तिच्या बॅगेतले मोजे पुन्हा मोजायला घेतले.

तर लॅपलंड. विमान दुपारी दोनला उतरलं आणि बाहेर आपल्याकडे दिवेलागणीला असतो तसा काळोख. तिथून बसने दोन तास जंगल. आमची केबिन एका तळ्याच्या काठावर, म्हणजे तळं आहे असं सांगितलं म्हणून तळं, एरवी सगळीकडे सारखाच पांढरा सपाट पट्टा. पहिल्या दिवशी बाहेर पडले आणि श्वास घेतल्याबरोबर नाकातले केस कडक झाले. उणे चोवीस. आमची गाइड चाळिशीची एक धिप्पाड बाई होती, बोलायची कमी. तिने आम्हाला जाड डगल्यांत कोंबलं आणि दोन नंबर मोठे बूट घातले. बूट घट्ट असले की पाय आधी गारठतात म्हणे. नवरा त्यात पोत्यासारखा दिसत होता. मी हसले, तर तो म्हणाला, "आरशात बघ जरा."

सूर्य नाही म्हणजे अगदी मिट्ट काळोख असतो असंही नाही. अकराच्या सुमारास आभाळ निळं व्हायला लागायचं, एका बाजूला जरा गुलाबी व्हायचं, आणि आता उगवेल असं वाटेपर्यंत पुन्हा मावळायला लागायचं. त्या दोन तासांत सगळं उरकायचं. गाइडने तळ्याच्या बर्फाला हाताच्या यंत्राने भोक पाडून दिलं, त्यात गळ सोडून आम्ही हरणाच्या कातड्यावर दीड तास बसलो आणि एकही मासा लागला नाही. नवरा म्हणाला, लागला होता पण सुटला. केबिनमध्ये परत येऊन मी भात लावला, मेतकूट आणि तूप घेऊन तिघांनी ताटभर भात खाल्ला. लेकीच्या गालांवर असा लाल रंग मी कधी बघितला नव्हता.

मग शुक्रवार आला. केबिनमध्ये नेट नव्हतं, पण नाश्त्याच्या मोठ्या घरात होतं आणि उत्तम होतं. लॅपलंडमध्ये सकाळचे नऊ वाजले होते, बाहेर काळोख. फोन नाही केला तर आई काळजी करणार, म्हणून एका कोपऱ्यात जाऊन नुसता आवाजाचा कॉल लावला. लेक शेजारी, डोक्यावर लोकरीची टोपी, बाहेर पळायच्या घाईत.

बाबांनी लगेच उचलला. हातातच घेऊन बसले असावेत.

"आज व्हिडिओ लाव ना," ते म्हणाले. "दोनच मिनिटं. तिला जरा उजेडात उभी कर, खिडकीपाशी."

खिडकीत बर्फ होता, खांबावरच्या दिव्याखाली ढिगाने. कतारमध्ये व्हिडिओ कॉल धड लागत नाहीत हे आईबाबांना पाठ होतं. कारण तयारच होतं. मला फक्त उच्चारायचं होतं.

"बाबा, लागत नाही इथे, माहितेय ना तुम्हाला. कालपासून तर फारच खराब आहे."

"प्रयत्न करून बघ एकदा."

"केला बाबा. नाही लागत."

लेक माझ्याकडे बघत होती. मी टोपीवरून तिच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणजे गप्प राहा.

"बरं," बाबा म्हणाले. "दे तिला, बोलते का बघू."

"हॅलो आजोबा, हाऊ आर यू?"

"मी मजेत. आवाज कसा येतोय तुझा, सर्दी झालीय का?" तेवढ्यात बाहेर कुत्र्यांना खाणं घालायला सुरुवात झाली आणि चाळीस कुत्री एकदम ओरडायला लागली. बाबांनी विचारलं, कुठली गं कुत्री? मी फोन घेतला आणि म्हटलं, शेजारी बांधकाम चालू आहे, तिथली. शुक्रवारी तरी घरी असतेस ना, असं त्यांनी विचारलं. दुपारी साइटवर जायचंय, असं मी सांगितलं. खोटं बोलायला लागलं की किती सहज सुचत जातं.

"फार राबवतात तुला," बाबा म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

यानंतर मी दिवसभर तोंड पाडून बसले असं लिहायला मला आवडेल. पण तसं झालं नाही. तासाभराने आम्ही कुत्र्यांच्या गाडीत बसलो. गाडी बांधलेली असते तोवर ती कुत्री किंचाळतात, उड्या मारतात, आणि ब्रेक सोडला की एकदम गप्प होऊन धावायला लागतात. नुसता बर्फावर घासल्याचा आवाज. लेक माझ्या मांडीवर, तिच्या मांडीवर जाड कांबळं, आणि ती पूर्ण वेळ हसत होती. मी पण हसत होते. त्या पाच दिवसांतला तो सगळ्यात चांगला दिवस होता. बाबा कधी नव्हे ते 'प्रयत्न करून बघ' म्हणाले होते आणि मी तो दिवस मनापासून उपभोगला. ते अजून गिळवत नाही मला.

परत आलो. साहेबांनी विचारलं, कसे आहेत? मी म्हटलं, छान आहेत, उत्तम दिसतंय. चाचांनी गाडीत बसल्याबसल्या विचारलं. मी म्हटलं, "तुमच्या पाण्याने गुण आला चाचा." त्यांनी स्टीअरिंगवरचा हात उचलून छातीला लावला. बाटली फ्रिजच्या दारात तशीच होती.

जानेवारीच्या मध्यावर, एका मंगळवारी, आईचा फोन आला. मंगळवारी आमचा फोन नसतो.

"घाबरू नकोस," आई म्हणाली, तेव्हाच मी घाबरले.

बाबांना काचबिंदू होता. उजवा डोळा वर्षभरापूर्वीच गेला होता. डाव्यात थोडकी नजर उरली होती, आणि तीही आक्रसत चालली होती. नळीतून बघावं तेवढंच दिसायचं. ऑपरेशन करावं लागणार होतं, आणि डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की यात उरलेलं वाचेल किंवा उरलेलंही जाईल. काल ऑपरेशन झालं होतं. उरलेलं गेलं होतं.

"म्हणून तर घोकत होते ना, तिला एकदा बघायचंय म्हणून," आई म्हणाली.

"मग मला सांगितलं का नाही कुणी?" मी ओरडले. आईवर ओरडले, म्हणजे बघा.

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, तिला सुट्टी देत नाहीत, सांगून उगाच तिचा जीव टांगणीला कशाला लावायचा? डिसेंबरातच करायचं होतं गं ऑपरेशन. त्यांनीच पुढे ढकललं. म्हणाले, नाताळात मुलांना सुट्टी असते, कोण जाणे, येईलही."

डॉक्टर म्हणतात, तेवढ्या दिवसांनी काही फरक पडला नसता. डॉक्टर फार चांगले आहेत.

साहेबांच्या केबिनबाहेर मी किती वेळ उभी होते कोण जाणे. आत जाऊन काय सांगू? वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन? ते कारण मी वापरून संपवलं होतं. खरं कारण हातात होतं आणि ते द्यायला मला तोंड नव्हतं. शेवटी गेले. "सर, माझे वडील..." एवढंच म्हटलं आणि रडायला लागले. साहेब उठून उभे राहिले.

"दुसरा डोळा?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी चार दिवसांवर सही केली आणि टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला.

एअरपोर्टला चाचांनीच सोडलं. लेक मागच्या सीटवर झोपली होती. चाचा म्हणाले, "ताई, पाणी दिलं व्हतं, त्यानं एक डोळा तरी वाचला ना?" मी त्यालाही मान हलवली. नवरा दोह्यातच राहिला. तो म्हणाला, मी येऊ का? मी म्हटलं, नको. त्याचा काही दोष नव्हता, तरी त्याचं तोंड मला बघवत नव्हतं.

नाशिकला पोचलो तेव्हा बाबा गॅलरीत उन्हाला बसले होते. डाव्या डोळ्यावर पट्टी, दाढी वाढलेली. माझे बाबा रोज दाढी करणारे. दारातून पावलं वाजली तशी त्यांनी मान वळवली, पण आम्ही होतो त्याच्या जरा बाजूला.

"आली का?" ते म्हणाले.

लेकीने वाकून नमस्कार केला. त्यांनी हात पुढे केला, तो आधी तिच्या खांद्याला लागला, मग डोक्यावर गेला. डोक्यावरून खाली येऊन हात थांबला. दोन वर्षांपूर्वी तिथे वेण्या होत्या.

"केस कापलेस?"

"येस, आजोबा."

मग त्यांनी दोन्ही हात तिच्या चेहऱ्यावर ठेवले. कपाळ, भुवया, नाक, हनुवटी. घाई केली नाही. आई शेजारी मटार सोलत होती, तिने मान खाली घातली होती. लेक श्वास धरून उभी.

"सर्दी गेली का?" बाबांनी तिला विचारलं. "त्या दिवशी फोनवर नाक चोंदलेलं होतं."

"दॅट वॉजन्ट सर्दी," लेक म्हणाली. "इट वॉज द स्नो." आणि तिने झटकन माझ्याकडे बघितलं.

आईचा हात मटारात थांबला. "स्नो?" बाबा म्हणाले. "दोह्यात?"

आणखी एक खोटं सुचलं असतं. खरं सांगते, सुचलं होतंच, जिभेवर होतं. पण त्यांचे हात अजून लेकीच्या गालांवर होते.

"बाबा, सुट्टी होती मला," मी म्हटलं. "आम्ही बर्फात फिरायला गेलो होतो, युरोपात. ऑफिसला सांगितलं, तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, आणि तुम्हाला सांगितलं, ऑफिस सोडत नाही. त्या दिवशी व्हिडिओ लागत होता. मी लावला नाही."

माझे बाबा रागीट. एकदा माझ्या ड्रॉइंगमध्ये रेघ चुकली म्हणून त्यांनी अख्खा कागद टराटरा फाडला होता. मी वाट बघत होते. फाडा, काहीतरी बोला.

"म्हणजे सुट्टी मिळाली होती तुला," ते म्हणाले.

"हो."

"बरं झालं मग. मला आपलं वाटत होतं, फार राबवून घेतात. झोप लागायची नाही." टोमणा असेल म्हणून मी त्यांच्या आवाजात शोधलं. नव्हता. त्यांनी पाठ खुर्चीला टेकवली, लेकीचा हात मात्र सोडला नाही. "आता मला सांग, ही कशी दिसते हल्ली?"

मी डोळे पुसले आणि सांगितलं. उंच झालीय, माझ्या खांद्याला लागते. केस कानापर्यंत आहेत. पुढचे दात आलेत, एक जरा वाकडा आहे. चष्मा लागलेला नाही. साइटवरचा रिपोर्ट वाचावा तसं मी एका दमात सांगितलं आणि थांबले.

बाबा मान तिरकी करून ऐकत राहिले, अजून काही येईल म्हणून.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

मी लेकीकडे बघितलं. दहा वर्षं माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली मुलगी, आणि मला तिच्याबद्दल पुढचं वाक्य सांगता येईना.